बाळीचं बोंडलं, वत्सलाचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनं पितळी बोंडलं आहे. आणि मैत्रिणींनो, तुम्हीसुद्धा पुढे या. तुम्हाला कुणी वेगळी हाक मारत नाही, म्हणून मी मारते. बोंडलं म्हणजे तान्ह्या बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं. मुठीत मावेल एवढं पोट आणि चिमणीसारखी पुढे आलेली चोच. तुमच्यातले निम्मे जण मला ओळखणारही नाहीत. आता बाजारात रबरी बुचाच्या काचेच्या बाटल्या मिळतात ना! पण आज सापगावात विटीदांडू खेळणाऱ्या कितीतरी दांडगोबांनी माझ्याच चोचीतून दूध ओढलंय, हं!

व्याकरणात मला नपुंसकलिंगात बसवलंय. बसवू देत बापडे. जिच्या पोटात सदा दूध, तिने 'मी आलं, मी गेलं' कशाला म्हणायचं? मी आपली 'आले-गेले'च म्हणणार.

तांबटाने मला पितळेच्या पत्र्यातून ठोकून काढलं. किती ठोकलं म्हणून सांगू! चोच निराळी वळवली, पोटाला डाख देऊन जोडली, आतून कल्हई चढवली आणि म्हशाच्या जत्रेत आम्हा सगळ्या भावंडांना गोणपाटावर मांडलं. एकीकडे बैलांचा बाजार, दुसरीकडे घोंगड्यांचे ढीग आणि मध्ये आम्ही, थंडीने गारठलेली भांडी. तिथे सापगावची धोंडीबाई आली. तिने मला उचललं, उलटंपालटं केलं आणि माझी चोच आपल्या गालावरून हळूच फिरवली.

"टोचंल का रं ही पोराला?" तिने विचारलं.

"टोचली तर परत आण मावशी, नि मलाच टोच," तांबट म्हणाला. धोंडीबाई खळखळून हसली.

तिने मला आपल्या लेकीसाठी, सावळीसाठी घेतलं होतं. सावळीचे दिवस भरत आले होते. पण बाळंतपणात सावळी गेली, मागोमाग तिचं बाळही गेलं. माझ्यात दुधाचा थेंब पडायची वेळच आली नाही. धोंडीबाईने मला फडक्यात गुंडाळलं आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं. अंधारात पडून राहणं फार वाईट. भांडं रिकामं असलं तरी जड होतं, ते मला तेव्हा कळलं.

पुढे कधीतरी शेजारच्या घरी जुळी झाली आणि कुणाला तरी माझी आठवण आली. धोंडीबाईने मला काढून दिलं. मग काय विचारता! सापगावात कुठे बाळ रडलं की हाक यायची, "धोंडीबाईचं बोंडलं आणा गो!" आज या घरात तर उद्या त्या. चिंचेने घासून घासून मी सोन्यासारखी झाले. माझ्यासारखी बारीक धार कुणाची नाही, असं बायका म्हणायच्या आणि मी फुगायचे. ती माझी खरी ऐटीची वर्षं.

मग धोंडीबाईचा मुलगा राघो याचं लग्न झालं. सून आली टोकावड्याची, वत्सला. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण वत्सलाची आई आदल्याच वर्षी वारली होती. राघो लाकूडतोडीच्या कामावर लांब जंगलात. वत्सलाचा भाऊ धर्मा तिला न्यायला आला तेव्हा धोंडीबाई म्हणाली, "तुझ्या घरात बाईमाणूस नाय. मी करते हिचं. माझ्यावर सोड." मित्रांनो, हे तिचे शब्द ध्यानात ठेवा. त्या शब्दांचंच ओझं तिच्या मानेवर बसलं होतं.

वत्सलाला कळा सुरू झाल्या आणि संपेचनात. सुईणीने हात टेकले. मग बैलगाडीतून शहापूरच्या एका लहानशा प्रसूतिगृहात नेलं. मी धोंडीबाईच्या गाठोड्यात होते, बाहेरच्या बाकावर. आत काय झालं ते मला नंतर डॉक्टरीणबाईंच्या तोंडून कळलं. त्यांचं नाव चंद्रकला. मुंबईला शिकून आलेल्या, वयाने लहानच. वत्सला थकून गेली होती, बाळ अडलं होतं, चिमटा लावून सोडवायचं होतं. म्हणून कमरेखालचं अंग बधिर करायला त्यांनी तिच्या पाठीत सुई दिली. सुई देताना बाईने पाठ वाकवून अगदी स्तब्ध बसायचं असतं. आत एकच नर्सबाई, तीही सामान काढण्यात गुंतलेली. वत्सलाला धरायला कुणी नाही. नेमकी तेव्हाच मोठी कळ आली, वत्सला उसळली, आणि सुई जिथे थांबायची त्याच्या पुढे गेली.

मुलगी झाली. टुणटुणीत! धोंडीबाईने मला गाठोड्यातून काढलं आणि म्हणाली, "चल गो, घरची बाळी आली." मला वाटलं, आता आपलं जन्माचं सोनं झालं.

दुसऱ्या दिवशी वत्सला बाळीला पाजायला उठून बसली आणि किंचाळली. दोन्ही हातांनी डोकं धरून ती आडवी झाली. आडवी झाली आणि काही वेळाने शांत. पुन्हा बसवली, पुन्हा तेच. मान आखडायची, कानात घणघण व्हायची, उजेड सोसायचा नाही, ओकारी यायची. "कपाळ फुटतंय आत्या, मला निजवा," एवढंच ती म्हणायची.

चंद्रकलाबाईंनी धोंडीबाईला खाटेजवळ बसवून समजावलं. "आजी, आपल्या मणक्यांच्या आत एक पातळ पिशवी असते. तिच्यात पाणी असतं आणि त्या पाण्यावर आपला मेंदू तरंगतो. माझी सुई पिशवीच्या अलीकडे थांबायला हवी होती. ती आत गेली, भोक पडलं. त्यातून पाणी झिरपतंय. वत्सला उठली की मेंदूखालचं पाणी उतरतं, म्हणून डोकं दुखतं. भोक आपलं आपण भरून येईल. तोवर तिला निजवून ठेवा. कोरा कडक चहा द्या. आणि पाणी भरपूर. लोटेच्या लोटे."

"बरं बाय," धोंडीबाई म्हणाली.

नर्सबाई पाण्याचा भरलेला लोटा खाटेखाली ठेवून गेली. थोड्या वेळाने आली तर लोटा रिकामा. पुन्हा भरला, पुन्हा रिकामा. चहाचा पेलाही तसाच. नर्सबाई खूश, डॉक्टरीणबाई खूश. आणि मी? मी खाटेशेजारच्या स्टुलावरून सगळं बघत होते. नर्सबाईची पाठ वळली की धोंडीबाई लोटा उचलायची, भिंतीकडे तोंड करायची आणि गटागटा स्वतःच पिऊन टाकायची! चहासुद्धा! सुनेच्या वाट्याला सकाळी एक वाटी ओव्याचं पाणी, बस्स.

"आत्या, घोटभर पाणी," वत्सला पुटपुटायची.

"गप रहा माझे बाय. बाळंतिणीनं पाणी पिऊ नये. पोट सुटतं, अंगाला सूज धरते."

"घसा सुकलाय..."

"सुकू दे. जगशील तर पाणी काय, नदी पी."

मला तोंड होतं, चोच होती, पण बोलता कुठे येत होतं? भांड्याचा जन्म!

आणि माझं कामही मला गोड लागेना. वत्सलाला बसवत नव्हतं, आणि निजून पाजलं तर दूध बाळाच्या कानात जातं अशी धोंडीबाईची खात्री. म्हणून बाळीचं सगळं माझ्यावर. बाजारातून आणलेलं, पाणी घातलेलं दूध माझ्यात ओतायचं आणि चोच बाळीच्या ओठाला लावायची. बाळी थोडं गिळायची, बाकीचं ओकायची. तिकडे वत्सलाच्या छातीला दगड बांधल्यासारखं झालेलं, पदर भिजायचा, मग हळूहळू भिजेनासा झाला. मला कळत होतं, मी भरले की ही पोर आईपासून आणखी लांब जाते. ज्या ऐटीने मी घरोघर मिरवले ती माझी बारीक धार मला नकोशी झाली. बाळीचे गाल आत जाऊ लागले. तिचं रडणंही बारीक झालं, मांजरीच्या पिलासारखं.

शेजारच्या खाटेवर ठमी होती. मुरबाडकडच्या एका वाडीवरची, मोलमजुरी करणारी. तिला मुलगा झाला होता. ती आपल्या मुलाला कुशीत घेऊन निजल्या-निजल्या पाजायची, मडक्याने पाणी प्यायची आणि तोंडाचा पट्टा चालूच.

"आजी, बाळंतीण तुमी का ती?" एकदा तिने विचारलंच. "न्हाणीकडं तुमच्याच खेपा जास्ती!"

"तू तुझं बघ गो," धोंडीबाई फणकारली.

भेटायला येणाऱ्या बायका कुजबुजू लागल्या. निजली की बरी, बसली की धरतं, म्हणजे बाहेरचंच काहीतरी. ठमी तिथूनही ओरडली, "आमच्या वाडीचं भूत निजल्याला बी धरतं नि उभ्याला बी. तुमचं लय शिस्तीचं दिसतंय, बसल्याबिगर हात लावत नाय!" बायका हसल्या. वत्सला हसली नाही. ती छताकडे बघत म्हणाली, "आत्या, मी अशीच राहिले तर बाळीला दादाकडं द्या." धोंडीबाई तोंडात पदर कोंबून बाहेर गेली.

टोकावड्याला निरोप पोचला आणि धर्मा आला. बहिणीला त्याने पाहिलं मात्र, त्याचा चेहरा पडला. ओठांना भेगा, डोळे खोल, हात उचलायचं बळ नाही.

"मी सकाळच्या एसटीनं हिला नेतो," तो म्हणाला. "आमच्याकडं भगत हाय. तो बघंल."

चंद्रकलाबाई धावत आल्या. "धर्माभाऊ, मुरबाडवरून टोकावड्यापर्यंत बसवून न्याल हिला? इथे खाटेवर बसवत नाही, तर एसटीत धक्के खात कशी जाईल?"

"मग तुमी बरी करा ना, बाई! किती दिवस निजवाल? तुमच्या सुईनंच झालंय ना?"

"हो. माझ्याच सुईने झालंय," त्या म्हणाल्या. "म्हणूनच सांगते, नेऊ नका. एव्हाना थोडा तरी उतार पडायला हवा होता. एवढं पाणी पितेय, एवढा चहा घेतेय, तरी ओठ सुकलेले. मला खरंच काही कळेनासं झालंय."

ठमी आपल्या खाटेवर कोपरावर उठली. "बाई, पाणी पेते ती म्हातारी. सुनेचं डोकं उतरंल कसं?"

सगळ्यांनी धोंडीबाईकडे पाहिलं. धर्माच्या कपाळाची शीर ताडकन उठली. "मावशी? माझ्या भैनीला तहानेनं मारताय?"

धोंडीबाई खाली फरशीवर बसली. "मारत नाय रं, वाचवतेय," ती म्हणाली. "माझ्या सावळीचे पाय सुजले होते, तोंड सुजलं होतं. ती म्हणाली, 'आई, पाणी.' मी दिलं. तिनं आणखी मागितलं, मी आणखी दिलं. मग तिला झटके आले नि ती गेली. सुईण म्हणाली, पाणी पाजलंस, अंगात भरलं, म्हणून गेली. या हातानं दिलं होतं. आता परत याच हातानं देऊ? तुझी भैन मी मागून घेतलीय धर्मा. ही गेली तर मी टोकावड्याला कुठल्या तोंडानं येऊ?"

धर्माची मूठ सैल झाली. चंद्रकलाबाई तिच्याजवळ फरशीवरच बसल्या. "आजी, सूज आधी आली होती ना? पाणी नंतर. तो वेगळाच आजार होता, पाण्याने झाला नव्हता. तुमच्या हाताने झाला नव्हता."

"तुमी शिकल्याल्या बाय. पण मी डोळ्यानं बघितलंय," धोंडीबाई मान हलवत राहिली. ती काही लोट्याला हात लावेना. डॉक्टरीणबाई सांगून थकल्या. धर्मा उठला आणि गाठोडं बांधायला लागला. मला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात वत्सला बोलली. डोळे मिटलेलेच होते.

"आत्या, बाळंतिणीनं पाणी पिऊ नये म्हणतात ना?"

"व्हय गो."

"मग मी पीत नाय. तुमी पाजा. पाजू नये असं कुठं म्हटलंय? बाळीच्या बोंडल्यानं पाजा. बाळीएवढंच द्या."

मित्रांनो, सगळे माझ्याकडे वळले! धोंडीबाईने मला उचललं. तिने माझ्या पोटात बघितलं. किती मावणार त्यात? चारदोन घोट. एवढंसं तर तान्ह्याला देतात. एवढंसं काय करणार?

चंद्रकलाबाईंनी ते बरोबर हेरलं. "आणि पोट सुटेल असं वाटतं ना? मग तुम्हीच तिचं पोट बांधा. घट्ट, तुमच्या पद्धतीने. मला ते हवंच आहे, त्यानेही डोकं हलकं व्हायला मदत होते. मला तुमच्यासारखं बांधता येणार नाही."

हे मात्र धोंडीबाईला पटलं. तिने आपलं जुनं लुगडं काढलं, वत्सलाला कुशीवर वळवलं आणि फेऱ्यावर फेरा असं पोट आवळलं. मग मला भरलं. माझी चोच वत्सलाच्या ओठांना लागली. खरं सांगते, तोवर किती बाळं प्यायली असतील माझ्यातून, पण अशी तहान मी पाहिली नव्हती. मी क्षणात रिकामी झाले.

"आणखी एकच," वत्सला म्हणाली.

धोंडीबाईने सुनेचे पाय चाचपले. सुजले नव्हते. तिने मला पुन्हा भरलं. पुन्हा पाय चाचपले. पुन्हा भरलं. दर वेळी पाय बघायची आणि दर वेळी जरा लवकर भरायची. धर्मा गाठोडं सोडून विहिरीवर पाणी शेंदायला गेला. पाण्यामागून कोरा चहा, चहामागून पुन्हा पाणी. माझ्या पितळेला चटके बसत होते, पण तक्रार करायला सवड कुणाला होती?

एवढ्यात बाळी रडायला लागली. आता तिला पाजणार कशाने? बोंडलं तर आईच्या तोंडी!

"ठेवा ना तिच्या कुशीत," ठमी म्हणाली. "माझ्या पोरांच्या कानात अजून तरी दही नाय लागलं."

धोंडीबाई घुटमळली. मग तिने बाळीला वत्सलाच्या कुशीत निजवलं आणि कानात दूध जाऊ नये म्हणून बाळीच्या कानावर आपला तळवा झाकून धरला. बाळीने तोंड इकडेतिकडे घासलं, रडली, आणि एकदाची लागली. सुरुवातीला काही येईना. तरी ती ओढत राहिली. धोंडीबाईचा एक हात बाळीच्या कानावर आणि दुसऱ्या हातात मी, वत्सलाच्या ओठांशी. त्या घटकेला आम्ही चौघी एकाच धारेला लटकलेल्या होतो.

सकाळी एसटीची वेळ झाली. धर्माने गाठोडं काखेला मारलं. एका दिवसात काय फरक पडणार, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. "बसवा तिला," तो म्हणाला, "बघू."

चंद्रकलाबाईंनी एका बाजूने धरलं, धोंडीबाईने दुसऱ्या. वत्सला बसली. तिचा चेहरा आक्रसला, डोळ्यांतून पाणी आलं. माझा जीव उडाला. धोंडीबाई देवाचं नाव घ्यायलाही विसरली.

"दुखतंय का गो?"

"दुखतंय." वत्सलाने श्वास घेतला. "दुखतंय, पण फुटत नाय. दादा, मला एसटीत नको घालू. मला पाणी दे."

बाहेर एसटीचा भोंगा वाजला. धर्मा दारात उभा होता, एक पाय आत आणि एक बाहेर. भोंगा पुन्हा वाजला. मग गाडी गेल्याचा आवाज आला, आणि धर्माने गाठोडं खाली टाकून लोटा उचलला.

डोकं लगेच गेलं नाही, मित्रांनो. एखाद्या दुपारी ते परत यायचं आणि सगळ्यांची तोंडं पुन्हा उतरायची. पण दर वेळी ते थोडं मऊ होऊन यायचं. आणि एके दिवशी वत्सला कुणाचाही हात न धरता बसली, बाळीला मांडीवर घेतलं आणि पाजलं. बाळीने त्यानंतर माझी चोच कधी तोंडात धरली नाही. लावली की थूः! अपमानच तो, पण माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोड.

चंद्रकलाबाईंनी मुंबईहून बारीक सुया मागवल्या. सुई द्यायची वेळ आली की त्या आधी दार उघडून बाईच्या घरच्या बाईमाणसाला आत बोलावतात, हात धुववून घेतात आणि सांगतात, "हिला मिठी मारून धरा, हलू देऊ नका. कळ ओसरली की मगच मी सुई देईन." धरणारे हात असले की सुई सहसा जागेवर थांबते, असं त्या म्हणतात. आणि पाणी घरच्यांच्या हाती सोपवून निघून जात नाहीत.

मी आता सापगावात फळीवर असते. काळवंडले आहे, चोचीचा डाखही सुटत आलाय. मला घासा, चकचकीत करा, असं मागणं मी मागणार नाही. माझं मागणं निराळं आहे. तुमच्या घरी, शेजारी, कुणी बाळंतीण झाली की तुम्ही बाळ बघायला धावता ना? धावा. पण बाळाच्या मुठी बघून झाल्या की बाळाच्या आईकडेही वळा. तिला विचारा, "वहिनी, पाणी देऊ?" आणि पेला तिच्याजवळ नुसता ठेवून खेळायला पळू नका. ती पिईपर्यंत तिथेच उभे राहा.